दोरा वरचा, गुंता खालचा

शिवणकामाच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांत या वेळी दोन गोष्टी सारख्या डोकावतात. एक म्हणजे ऐन कामात होणारे घोटाळे आणि दुसरी म्हणजे जुन्या काळ्या मशीनबद्दलची ओढ. दोन्हींचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. मशीन आतून कसं चालतं हे कळलं की निम्मे घोटाळे होतच नाहीत, आणि जुन्या मशीनमध्ये ते डोळ्यांनी पाहता येतं.

प्रश्न : शिवायला घेतलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, बसते त्या डबीचा) स्क्रू आवळून पाहिला, बॉबिन केसही बदलली. फरक नाही.

जाळं खाली दिसतं म्हणून हात बॉबिनकडे जातो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रत्येक टाक्याला वरच्या दोऱ्याचा फास खाली जातो, बॉबिन केसला वळसा घालतो आणि मग वर-खाली होणारा दोरा-खेचणीचा दांडा त्याला वर ओढून घेतो. दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसलेला नसेल तर तो ढिलाच राहतो. खेचणी जेवढा दोरा ओढते त्याहून जास्त सुटतो आणि उरलेले फास कापडाखाली साचतात.

चकत्यांच्या मध्ये दोरा न बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दाबपाय खाली ठेवून दोरा ओवणं. पाय खाली असताना चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, त्यामुळे दोरा त्यांच्या आत न जाता कडेवरून जातो. म्हणून दोरा पूर्ण काढून टाका. पाय वर घ्या, चाक फिरवून खेचणी सर्वांत वर आणा आणि सुरुवातीपासून पुन्हा ओवा. टेन्शनजवळची बारीक वळलेली तार आणि खेचणीचं भोक या दोन जागा हमखास चुकतात. मग परीक्षा घ्या : पाय वर असताना दोरा सहज ओढला गेला पाहिजे आणि पाय खाली टाकल्यावर त्याला स्पष्ट अडकाव जाणवला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल लागत असेल तर चकत्यांच्या मध्ये कापडाचा कचरा किंवा दोऱ्याचा तुकडा आहे. पाय वर ठेवून सुती कापडाची दुमडलेली कड दोन चकत्यांमधून मागेपुढे ओढली की तो निघतो.

जाळं फक्त शिवणीच्या सुरुवातीलाच होत असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे. दोन्ही दोऱ्यांची टोकं १० सेंमी लांब सोडा, पायाखालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत धरून ठेवा.

आवळलेला बॉबिनचा स्क्रू आता पूर्ववत करावा लागेल. बॉबिन केस दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवा. ती आपल्या वजनाने घसरता कामा नये, मात्र हाताला हलका झटका दिला की थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. धडाधड खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी वळशाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त फिरवू नका. शेवटी वर लाल आणि खाली निळा दोरा लावून चिंधीवर शिवा. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे आणि खाली लाल ठिपके दिसले तर कमी. इथून पुढे फक्त वरचं टेन्शन हलवा.

प्रश्न : मध्येच टाके सुटतात. टी-शर्टच्या कापडावर तर तीन टाके पडले की दोन गळतात. मशीन जुनं, सरळ टाक्याचं आहे.

सुई बदला. हा टाळाटाळीचा सल्ला नाही, टाका सुटण्याचं मूळ खरोखर तिथेच असतं. सुई अगदी खाली जाऊन सुमारे २ ते २.५ मिमी वर येते तेव्हा दोरा तिच्या मागे थोडा फुगतो, आणि त्या फुगलेल्या फासात शटलचं, म्हणजे फास पकडून बॉबिनभोवती नेणाऱ्या भागाचं, टोक शिरतं. वेळ आणि जागा दोन्ही इतक्या थोड्या आहेत की सुई किंचित वाकडी असेल, बोथट असेल किंवा वरपर्यंत ढकलून बसवलेली नसेल तरी टोक फासाला चुकवतं. म्हणजे टाका सुटला.

टी-शर्टच्या कापडाची अडचण वेगळी. ते ताणलं जातं, सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येतं आणि फास फुगतच नाही. त्यासाठी गोल टोकाची, ‘स्ट्रेच’ लिहिलेली सुई ७५/११ किंवा ९०/१४ नंबरची घ्या. टाका ३ मिमीपर्यंत लांब ठेवा, दाबपायाचा दाब थोडा कमी करा आणि शिवताना कापड ओढू नका. तरीही सरळ टाक्याची शिवण ताणली की तुटते, ती ताण झेलणारी नाही. गळा आणि बाह्यांची टोकं अशा मशीनवर न शिवलेली बरी.

सुईची जात पाहून घ्या. घरगुती मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते, पाकिटावर १५ बाय १, एचए बाय १ किंवा १३०/७०५ एच असं लिहिलेलं असतं. ही तिन्ही नावं एकाच मापाच्या सुईची. कारखान्यातल्या मशीनची डीबी बाय १ सुई गोल दांड्याची असते. ती घरगुती मशीनमध्ये कशीबशी बसते आणि मग टाकेही सुटतात, शटलही ओरखडतं.

प्रश्न : जुन्या मशीनची सूचनापुस्तिका नाही. सुईत दोरा डावीकडून घालायचा की उजवीकडून?

सुईवर एका बाजूला लांब पन्हळ असते आणि दुसऱ्या बाजूला भोकाजवळ छोटी खोलगट जागा. खोलगट बाजू शटलकडे आणि दोरा पन्हळीच्या बाजूने आत, हा नियम सगळ्या मशीनना लागू आहे. सुईच्या दांडीवरची शेवटची दोरा-कडी ज्या बाजूला आहे, त्याच बाजूने दोरा येतो. सिंगरच्या १५ क्रमांकाच्या जुन्या मशीनमध्ये तो उजवीकडून डावीकडे जातो आणि ६६ क्रमांकाच्या मशीनमध्ये डावीकडून उजवीकडे. सवयीने उलटा घातला तर एकही टाका धरत नाही आणि मशीन बिघडलं असं वाटतं.

प्रश्न : कित्येक वर्षं बंद पडलेलं मशीन मिळालं आहे. चाक हलतच नाही. टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. ओतीव लोखंडाचं मशीन अडकलं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की आतलं जुनं तेल वाळून त्याचा चिकट, पिवळसर-तपकिरी थर झाला आहे. तो सुटतो, फक्त धीर लागतो. एक गोष्ट करायची नाही : चाकावर जोर. सुईची दांडी किंवा आतला एखादा आडवा दांडा वाकला तर मग खरंच खर्च वाढतो.

आधी मोटर असेल तर प्लग काढा आणि वायर पाहा. जुनं रबरी आवरण बोटांनी चुरतं, तसं असेल तर वायर बदलल्याशिवाय विजेला जोडायचं नाही. मग चाकाच्या मधलं बटण सैल करा. चाक एकटं फिरलं आणि मशीन हललं नाही तर अडचण आतल्या भागात आहे.

पहिली झडती शटलची. बॉबिन केस काढा, शटलला धरणारं कडं सोडवा आणि शटल बाहेर घ्या. त्याच्या मागे अडकलेला दोऱ्याचा एखादा लहानसा तुकडा अख्खं मशीन थांबवू शकतो. चिमट्याने आणि ब्रशने ती जागा स्वच्छ करा.

आता तेल. मशीनचं पातळ, पारदर्शक तेलच वापरा. डोक्यावरची भोकं सर्वांना दिसतात, न दिसणाऱ्या जागा विसरल्या जातात. डावीकडचं उभं झाकण काढलं की सुईची दांडी, दाबपायाची दांडी आणि खेचणीचा सांधा दिसतो. खांबाच्या मागच्या गोल झाकणाआड मोठा जोडदांडा असतो. मशीन मागे कलवलं की खालच्या दांड्यांची दोन्ही टोकं दिसतात, ती बहुधा टोकदार स्क्रूंवर टेकलेली असतात. जिथे धातूवर धातू घासतो तिथे प्रत्येक ठिकाणी एक-दोन थेंब. मग केस वाळवायच्या ड्रायरने पाच-दहा मिनिटं ऊब द्या. तेल पातळ होऊन आत झिरपतं. चाक हलक्या हाताने थोडं पुढे, थोडं मागे. हललं नाही तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. काही मशीनं तासाभरात सुटतात, काहींना आठवडा लागतो.

थर फारच घट्ट असेल तर कापसावर रॉकेल घेऊन तेवढाच सांधा पुसा. खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. रॉकेल तेलकट थर काढतं तसं वंगणही धुऊन नेतं, म्हणून त्यानंतर लगेच नवं तेल घालायलाच हवं.

चाक फिरू लागलं की दोरा न लावता, पाय वर ठेवून चार-पाच मिनिटं चालवा. काळं तेल बाहेर येईल. पुसा, पुन्हा थेंब टाका, पुन्हा चालवा. टाक्याची लांबी बदलणारा दांडा आणि उलट शिवणीचा खटका बहुधा सर्वांत शेवटी सुटतात, त्यांना वेगळं तेल आणि ऊब द्या.

आणि वरची सोनेरी नक्षी सांभाळा. जुन्या काळ्या मशीनच्या नक्षीवर लाखेच्या रोगणाचा हात असतो आणि स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव्य तो विरघळवतं. सोनेरी रंग रुपेरी दिसू लागला म्हणजे नक्षी निघायला लागली, तिथेच थांबा. मऊ सुती कापडावर मशीनचंच तेल घेऊन हलक्या हाताने पुसलं की मळ निघतो आणि नक्षी राहते.

प्रश्न : मशीनचं तेल संपलं तर स्वयंपाकाचं तेल चालेल का?

नाही. खाद्यतेल हवेशी संयोग पावून चिकट होतं आणि मग वाळतं. आधीच्या प्रश्नातलं मशीन अडकण्याचं ते एक मोठं कारण.

प्रश्न : सफाई करताना चाकाचं मधलं बटण काढून परत बसवलं. आता बटण सैल केलं तरी बॉबिन भरताना सुई चालूच राहते.

बटणाखालची पितळी किंवा पोलादी चकती उलटी बसली आहे. त्या चकतीला आतल्या बाजूला दोन आणि बाहेरच्या बाजूला तीन कान असतात. बटणाच्या बाजूचा बारीक स्क्रू सैल करून बटण काढा, चकती अर्धा वळसा फिरवून पुन्हा दांड्याच्या खाचेत बसवा. आतले कान थोडे बाहेर, तुमच्याकडे वळलेले असायला हवेत. बटण घट्ट केल्यावर मशीन चालायला हवं आणि सैल केल्यावर फक्त चाक. बारीक स्क्रू सगळ्यांत शेवटी.

प्रश्न : माझ्या नव्या झिगझॅग मशीनवर पातळ मलमल शिवली की शिवणीला सुरकुत्या पडतात, कधी कापड भोकात ओढलं जातं. मैत्रिणीच्या जुन्या काळ्या मशीनवर तीच मलमल सुरेख शिवली गेली. असं का? जुनं मशीन घ्यावं का?

कारण सुईखालच्या पत्र्यात आहे. झिगझॅगसाठी सुई डावी-उजवीकडे जावी लागते, म्हणून तुमच्या पत्र्यावर ५ ते ७ मिमी रुंद फट आहे. पातळ कापडाला तिथे खालून आधार नाही, सुई त्याला भोकात ढकलते. सरळ टाक्याच्या जुन्या मशीनचं भोक गोल आणि सुईपुरतंच असतं. कापड चारही बाजूंनी धरलं जातं, त्यामुळे टाका नेमका आणि सरळ पडतो. जुन्या मशीनच्या सुबक टाक्याचं जे कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा या लहानशा भोकाचा आहे.

म्हणून आधी तुमच्याच मशीनसाठी सरळ टाक्याचा पत्रा मिळतो का ते पाहा. तो लावल्यावर चुकूनही झिगझॅग लावू नका, सुई पत्र्यावर आपटून तुटेल. पत्रा मिळत नसेल तर सुई सर्वांत डावीकडे सरकवा म्हणजे फटीची एक कड आधाराला येते. सुई ६०/८ किंवा ७०/१०, टाका १.५ ते २ मिमी, टेन्शन थोडं कमी. कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. मलमलीला जाड दोरा लावला तर बाकी सगळं बरोबर असूनही सुरकुत्या राहतात.

जुनं मशीन घेण्याच्या बाजूने बरंच बोलता येतं. वजनामुळे ते थरथरत नाही. आतले दांडे आणि दातेरी चाकं धातूची, त्यामुळे तेल मिळत राहिलं की पिढ्यान्‌पिढ्या चालतात. हाताच्या किंवा पायाच्या मशीनवर एक टाका म्हणजे एकच टाका घालता येतो. कॉलरचं टोक वळवताना याची किंमत कळते. सिंगर १५च्या धाटणीची मशीनं दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असंख्य नावांनी तयार झाली, त्यामुळे त्या जातीच्या बॉबिन, शटल आणि सुया आजही सहज मिळतात. शिकाऊ माणसाने घ्यावं तर हेच.

पण जुनं दिसलं की चांगलंच, असं नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक घरगुती मशीनमध्ये प्लॅस्टिकची दातेरी चाकं आली आणि ती काळाने तडकतात. होडीच्या आकाराचं शटल आणि लांब, काडीसारखी बॉबिन असलेली मशीनं सुंदर असतात, पण घेताना शटल आत आहे ना ते उघडून बघा, ते हरवलेलं असणं फार सामान्य आहे. अशांपैकी सिंगर २७ आणि २८ला नेहमीची १५ बाय १ सुई चालते, त्याहून जुन्या सिंगर १२ला मात्र वेगळीच सुई लागते आणि ती शोधत फिरावं लागतं. सुई, बॉबिन आणि शटल या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. रंग उडालेला चालेल, शटलच्या टोकाला गंज चालणार नाही.

सरळ टाक्याचं मशीन कडा गुंफत नाही हे लक्षात ठेवा. त्यावर फ्रेंच शिवण हा उत्तम उपाय आहे. १५ मिमी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) असेल तर उलट बाजू आत घेऊन ९ मिमीवर पहिली शिवण घाला, माया ३ मिमी ठेवून कापा, कापड उलटवा आणि ६ मिमीवर दुसरी शिवण घाला. सगळी सुतं आत बंद होतात. काजासाठी जोडणी मिळते. ती सुईऐवजी कापडच डावी-उजवीकडे हलवते, त्यासाठी कापड सरकवणारे दाते खाली घ्यावे किंवा पत्र्याने झाकावे लागतात. तिने केलेलं काज पाहिलंत तर नव्या मशीनचं काज आवडणार नाही.

प्रश्न : सिंगर मशीन कोणत्या वर्षाचं आहे हे कसं ओळखायचं?

खांबाच्या पायाशी, बैठकीवर कोरलेला क्रमांक पाहा. नुसते अंक असतील तर मशीन १९००च्या आधीचं असण्याची शक्यता दाट, कारण अक्षरं लावायला त्या वर्षी सुरुवात झाली. अक्षर आणि अंक यांवरून वर्ष सांगणाऱ्या याद्या उपलब्ध आहेत. मात्र त्यातली तारीख क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला दिल्याची असते, तुमचं मशीन बाहेर पडल्याची नव्हे. मॉडेलच्या क्रमांकात ‘के’ असेल, जसं १५के, तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचं. तो १८८५ ते १९८० चालू होता. पितळी बिल्ल्याच्या कडेला निळी पट्टी आणि त्यावर १८५१-१९५१ असेल तर तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला, म्हणजे मशीन १९५१च्या आसपासचं.

प्रश्न : कुर्त्याचा गळा शिवेपर्यंत ताणून मोठा झाला. गोट (कडेची पट्टी) लावला तरी पुढे उभाच राहतो.

गळ्याचा गोलवा जिथे तिरका जातो तिथे कापड उरेब, म्हणजे उभ्या-आडव्या सुतांना तिरकं, असतं आणि उरेब कापड नुसतं हाताळलं तरी पसरतं. गोट लावून ते आवरत नाही, उलट पसरलेलं माप कायम होतं.

गोट उसवा. मायेच्या भागात ४ मिमी लांब टाक्याच्या दोन ओळी एकमेकींपासून ३ मिमीवर घाला. कागदी नमुन्यावर गळ्याचं मूळ माप मोजा, बॉबिनचे दोरे ओढून कापड त्या मापाला आणा आणि चुण्या सारख्या पसरवा. मग इस्त्री न टेकवता वरून वाफ द्या आणि हाताने थोपटा. सुती आणि लोकरी कापड आकसून जागेवर बसतं. पॉलिस्टर आकसत नाही, तिथे गळा थोडा खोल कापून घेणं हाच मार्ग. नवा गोट उरेब पट्टीचा हवा आणि गळ्याच्या दर २० सेंमीला साधारण १ सेंमी आखूड, म्हणजे तो गळ्याला आत ओढून धरतो.

पुढच्या वेळी कापड बेतल्याबरोबर, ते उचलून इकडेतिकडे नेण्याआधीच गळ्याला २ मिमी टाक्याची एकेरी ओळ घाला, शिवणीच्या रेषेपासून २-३ मिमी मायेकडे. दोन्ही अर्धे खांद्याकडून मध्याकडे शिवा, एका दमात गोल नको.

प्रश्न : दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या!

एकेरी कापडावर नमुना न उलटता दोनदा ठेवला की हेच होतं. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर एक बाही उलटी करून लावा, काही बिघडलं नाही. नसतील तर एक बाही नव्याने कापावी लागेल. कापड पुरत नसेल तर काखेखालच्या कोपऱ्यात जोड द्या, तिथे तो दिसत नाही. मुंढ्याचा (बाही जोडतात त्या भागाचा) पुढचा गोलवा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून पुढे एक आणि मागे दोन खुणा कापतानाच करा.

प्रश्न : उसवल्यावर कापडावर भोकं राहतात.

उसवणीने एकाच बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा सलग ओढून घ्या. शिवण दोन्ही हातांनी ताणून फाडत गेलात तर सुतं सरकतात. सुती कापडावर वाफ देऊन नखाने उभं-आडवं घासलं की भोकं मिटतात. सॅटिन, दाट विणीचं रेशीम आणि चामडं यांवर ती कायमची, म्हणून तिथे टाचण्यासुद्धा मायेच्या आतच लावायच्या.

प्रश्न : पायमशीन सुरू करताना चाक उलटं जातं आणि दोरा तुटतो.

बहुतेक मशीनचं चाक वरून तुमच्याकडे फिरायला हवं. पायडलवर दोन्ही पाय ठेवा, एक थोडा पुढे आणि एक मागे. सुरुवात पायाने नाही, हाताने करा : चाक आपल्याकडे ओढा आणि ते फिरतंय हे जाणवलं की पायाने टाच-बोटं असा आलटूनपालटून दाब द्या. दोरा न लावता, दाबपाय वर ठेवून, चौकोनी रेघांचा कागदही न घेता नुसतं चालवणं आणि थांबवणं हेच आधी जमवा. थांबवतानाही हात चाकावर हवा. पाय एकदम रोखला तर चाक उलटं झोकतं आणि नेमका तेव्हाच दोरा तुटतो.

एवढं करूनही पायडल चालतं पण चाक मागे राहतं, असं होत असेल तर चामड्याची वादी सैल झाली आहे. वादीची तारेची कडी उघडा, एका टोकाचे ६ ते १० मिमी कापा, नवं भोक पाडून कडी पुन्हा दाबून बसवा. फार आखूड केली तर पायडल जड होतं आणि दांड्यांच्या टेकण्या झिजतात, म्हणून थोडंथोडंच कापायचं. वादीवर तेल सांडलं असेल तर कितीही आखूड करा, ती घसरणारच. ती बदला.